मायने भरलेली बॉबिन

आमच्या घरात गुंता सोडवायचं काम मायचं होतं. सुताचा असो, माझ्या केसांचा असो, की शेजारणींच्या नळावरच्या भांडणाचा, शेवटी माणसं मायकडेच यायची. सुरतेत, लिंबायतच्या आमच्या गल्लीत ती कांडी मशीनवरची बाई म्हणून ओळखली जायची. मोठ्या कोनावरचं सूत लहान कांडीवर भरायचं, ती कांडी धोट्यात बसायची आणि धोटा मागात धावायचा. मागावर माझे वडील, म्हणजे नाना, आणि माझा थोरला भाऊ मधू. म्हणजे माय भरायची आणि हे दोघे रिकामं करायचे. नाना जेवताना हे हमखास बोलून दाखवायचे, आणि माय म्हणायची, भाकरीच्या टोपलीचंही तसंच चाललंय. तिच्या भरण्याचा तिला फार अभिमान होता. दुसऱ्या बायकांच्या कांड्या मधेच संपायच्या, मायची कांडी शेवटपर्यंत जायची. "अर्धी कांडी, अर्धं काम," हे तिचं पालुपद होतं आणि ते ती ताटात वाढतानाही वापरायची.

एक खोली, वर पत्रा, आणि भिंतीपलीकडे कारखाना. माग चालू असले की फडताळातले पेले एकमेकांवर किणकिणायचे. गावाकडचे पाहुणे आले की त्यांना वाटायचं आमच्या घरात सतत भांडण चाललंय, कारण आम्ही साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागायचो. पहिल्या दिवशी त्यांना झोप लागायची नाही. आम्हाला मात्र गावी गेल्यावर झोप लागत नसे, तिथली शांतता कानाला टोचायची. आता मी दिंडोलीला तिसऱ्या मजल्यावर राहते. इथे फक्त लिफ्टचा आवाज येतो, आणि अजूनही कधी कधी बोलता बोलता माझा आवाज चढतो. सून म्हणते, आई, मी इथेच आहे.

आमचं गाव खानदेशात, तापीच्या काठावर. सुरतेलाही तीच तापी. नाना म्हणायचे, आपण पोटामागे आलो आणि नदी आपल्यामागे आली. लहानपणी भाऊ गावच्या डोहात गळ टाकून बसायचा. दोरी हाताच्या बोटावर गुंडाळलेली, डोळे मिटलेले, आणि मासा आला की बोटाला कळायचं. मरळ धरावी तर मधूने, असं गावात म्हणायचे. माय त्या मरळीचं काळ्या मसाल्याचं कालवण करायची आणि भाऊ डोक्याचा तुकडा मला द्यायचा, कारण मला तो आवडतो असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मला तो मुळीच आवडत नसे. मी कधी सांगितलं नाही.

मागाच्या दातेरी चाकात भावाचा उजवा हात गेला तेव्हा मी शाळेत होते. घरी आले तर दाराला कुलूप, आणि कारखाना बंद. इतका वेळ बंद असलेला कारखाना मी पहिल्यांदा ऐकला. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. दवाखान्यात कारखान्याचे शेठ आले होते, भले गृहस्थ, खुर्चीच्या टोकावर बसून "शुं करीए, नसीब" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मायने त्या दिवशी रडून घेतलं, मग नाही रडली. बँडेज सुटल्यावर कुणी त्या हाताकडे पाहिलं की ती मधे येऊन उभी राहायची, हातात काहीतरी काम घेऊन, जणू तिला तिथेच उभं राहायचं होतं.

भाऊ घरात बसून राहू लागला. पंक्तीत जेवायला यायचं त्याने सोडलं. डाव्या हाताने खायचं म्हणजे आमच्याकडे अपशकुनी, आणि उजव्याने घास उचलता येईना. माय त्याचं ताट झाकून ठेवायची आणि सगळे बाहेर गेले की तो जेवायचा. म्हणजे जेवत असावा असं आम्ही धरून चालायचो, कारण बऱ्याचदा संध्याकाळी ताट तसंच असायचं. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. वीज गेली, माग थांबले, की भाऊ ताट ओढून घ्यायचा आणि भराभर खायचा. वीज आली की पहिल्या खटक्याला त्याचे खांदे वर जायचे आणि ताट बाजूला सरकायचं. मला वाटायचं, अंधारात कुणाला त्याचा हात दिसत नाही म्हणून तो तेव्हा जेवतो. माझ्या वयाच्या मानाने मला तो फार हुशारीचा शोध वाटला होता.

शेठने निरोप पाठवला, मधूला कांडी मशीनवर बसवू, तिथे डाव्या हाताने भागेल. नानांना तो देवाचा निरोप वाटला. भावाने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मग एका सुट्टीच्या वारी नाना चौकातल्या जुन्या सामानाच्या बाजारात गेले आणि एक काठी आणि तिला लावायचं रीळ घेऊन आले. कुणा परदेशी साहेबाचं असावं. रिळाला एक मूठ होती, ती फिरवली की एक तारेची कडी बॉबिनभोवती गरगर फिरायची आणि दोरी गुंडाळायची. बॉबिन रिकामी होती. नानांनी ते भावाच्या पुढ्यात ठेवलं आणि तोंड धुवायला गेले. भावाने बऱ्याच वेळाने डाव्या हाताने मूठ फिरवली. एकदा, मग पुन्हा. रिळाचा आवाज अगदी बारीक होता, कपाटात उंदीर असावा तसा. किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं. माय चुलीपाशी बसून पाहत होती आणि तिची भाकर करपली.

त्या रात्री भाऊ पंक्तीला बसला आणि स्वतःच बोलला. "नाना, हाई रीळ मना हातले जमनी, तं मी शेठकडे कांडीवर बससू. नही जमनी, तं गावले जासू. मावशीन्या बकऱ्या चारसू."

"गावले काय शे आते?" माय म्हणाली.

"काहीच नही," भाऊ म्हणाला. "म्हनीसन तं जासू."

नाना म्हणाले, जमेल. असं झालं की आमच्या घराचं सगळं त्या रिळावर येऊन बसलं. गळाला मासा लागला तर भाऊ राहणार, नाहीतर जाणार. मायने ते फार मनावर घेतलं. तिला बकऱ्यांचं दुःख नव्हतं. वयात आलेला मुलगा मावशीच्या पडवीत जाऊन बसला की तो माणसातून उठतो, हे तिने गावात पाहिलेलं होतं.

दोरी भरायचं काम अर्थातच तिचं. नायलॉनची नवी दोरी आणली. नानांनी दोरीचं दुकानातलं बंडल पेन्सिलीवर चढवून दोन्ही हातांनी धरलं, म्हणजे दोरी बाजूने सुटेल आणि पीळ पडणार नाही. मी ओल्या फडक्यात दोरी चिमटीत धरून बसले, म्हणजे ती ताठ राहील. माय हाताने बॉबिन फिरवत होती. आमच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. सैल भरलेलं सूत कसं दगा देतं हे आम्हाला बाळघुटीबरोबर पाजलेलं होतं. मायने थरावर थर असे बसवले की बोट फिरवलं तर काचेसारखं लागावं. बॉबिनच्या काठापर्यंत दोरी आली तेव्हा नाना म्हणाले, पुरे. माय म्हणाली, "अर्धी कांडी, अर्धं काम," आणि आणखी थोडी भरली. मग दात लावून दोरी तोडली आणि बॉबिन भावाच्या डाव्या तळहातावर ठेवली. लाडू द्यावा तशी.

सुट्टीच्या वारी भाऊ आणि मी नदीवर जायचो. नाना मुद्दाम यायचे नाहीत, त्यांना बघवणार नाही असं ते म्हणायचे. अश्विनीकुमारच्या घाटाच्या वरच्या अंगाला आम्ही बसायचो. वारा फिरला की चितेचा धूर आमच्याकडे यायचा. मी कणकेच्या गोळ्या करायचे, भाऊ त्या गळाला लावायचा, डाव्या हाताने आणि दातांनी. काठी त्याने मायच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने उजव्या मनगटाला बांधून घेतली होती. दोरी करंगळीत अडकवायची, कडी उघडायची, हात मागे न्यायचा आणि फेकायचं. आणि दोरी सुटताना एका वेढ्याबरोबर पाच-सहा वेढे बॉबिनवरून उडी मारून बाहेर यायचे, काठीवर दोरी ओवलेल्या पहिल्या कडीपाशी त्यांचा पुंजका व्हायचा आणि शिशाचा गोळा तिथेच आमच्या पायांपाशी चिखलात पडायचा.

"करंगळीले सुटत नही येत," भाऊ म्हणायचा. "बोट पाहिजे तठे."

तो काही आळशी नव्हता. मूठ फिरवून कडी आपोआप बंद केली की दोरीचा एक सैल वेढा खाली राहतो आणि पुढच्या वेळी तोच गुंततो, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं. तेव्हापासून कडी तो हाताने बंद करायचा आणि दोरी एकदा ओढून ताठ करायचा. गुंडाळताना दोरी फडक्यातून यायला लावायचा, ते फडकं मी धरायचे. कणकेची गोळी पाण्यात गरगरून दोरीला पीळ देते म्हणून त्याने कुठूनशी एक फिरती कडी आणून मधे बांधली. प्रत्येक उपायाने एकेक गुंता कमी झाला. पण तो पहिला, फेकतानाचा, पाच-सहा वेढ्यांचा पुंजका काही जाईना. संध्याकाळी आम्ही तो पुंजका पिशवीत घालून घरी आणायचो. माय कंदिलाशी बसून सुईने सोडवायची. सुटला नाही तर कापायची, आणि कमी झालेली दोरी नवीन जोडून पुन्हा काठापर्यंत भरून ठेवायची. पुढच्या सुट्टीला बॉबिन पुन्हा काचेसारखी.

"जमी," ती भावाला म्हणायची. "आज नही तं उद्या."

थंडी पडली, रस्त्याच्या कडेला पोंक विकणारे बसले, म्हणजे आमच्या गावच्या हुरड्याचे सुरती भाऊबंद. त्या दिवसांत एका दुपारी, कसं कोण जाणे, गळ नीट गेला आणि मासा लागला. काठी वाकली. भाऊ उभा राहिला, मी त्याच्या पाठीला पाठ लावून उभी राहिले, का ते माहीत नाही. माशाने दोरी ओढली, बॉबिन फिरली, आणि सैल झालेले वेढे पुन्हा एकदम निसटून काठीच्या कडीत अडकले. एक बारीक टणत्कार आला आणि काठी सरळ झाली. पाण्यावर काही वेळ तरंग हलत राहिले.

मला रडू आलं. भाऊ मात्र शांतपणे खाली बसला आणि लुगड्याची पट्टी सोडू लागला. "झायं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होते, पण तिथे राग नव्हता. फार दिवस ओझं वाहून ते खाली ठेवलेल्या हमालासारखा तो दिसत होता. तेव्हा मला ते निराशेचं लक्षण वाटलं.

घरी त्याने उजवा हात पुढे करून मायला सांगितलं, "हाऊ हात आते कामना नही." मायने पहिल्यांदा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. दोन दिवसांनी नाना आणि मी त्याला उधन्याच्या स्टेशनावर पोचवायला गेलो. माय आली नाही. तिने दशम्या आणि ठेचा बांधून दिला आणि कामावर निघून गेली. त्या दिवशी तिच्या कांड्या निम्म्याच भरल्या, असं शेजारच्या मशीनवरची बाई नंतर म्हणाली.

रीळ खुंटीला टांगलेलं राहिलं. त्याला कुणी हात लावेना. मी मात्र सुट्टीच्या वारी ते घेऊन नदीवर जाऊ लागले, घरात बसवत नव्हतं म्हणून. दहा बोटं शाबूत असूनही दोरी माझ्याही हातून तशीच गुंतली. आधी मला वाटलं, मुलीच्या जातीला येत नसेल. गुंतली की मी कापून टाकायचे, कारण मायपुढे तो गुंता न्यायचं धैर्य नव्हतं. फेकायचं, गुंतायचं, कापायचं. असं करता करता बॉबिनवरची दोरी कमी झाली, काठापासून नखभर खाली गेली. आणि एका दुपारी दोरी सुटली ती सुटतच गेली. एकही वेढा उडाला नाही. गोळा इतक्या लांब जाऊन पडला की त्याचा आवाजही आला नाही. मी पुन्हा फेकली, सरळ. डाव्या हाताने फेकली, सरळ. मग उजव्या हाताची मधली तीन बोटं मिटून करंगळीने फेकली. तीही सरळ गेली.

नखभर काठ मोकळा हवा होता. धोट्याची कांडी काठोकाठ भरावी लागते आणि रिळाची बॉबिन तशी भरायची नसते, एवढंच. हात निर्दोष होता. मायने जीव ओतून भरली, म्हणून ती गुंतत होती. मी दोरी गुंडाळली आणि काठी उचलली. घरी गेले तेव्हा माय भाकरी थापत होती. तिने विचारलं, "गुंतनी का?" मी म्हटलं, "हो."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात सासुरवाशिणी माहेरी जातात. मी त्या वर्षी हट्ट करून मावशीकडे गेले आणि सोबत काठी आणि रीळ घेऊन गेले. भाऊ नदीच्या उतारावर बकऱ्यांपाशी बसला होता. अंगाने भरला होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं, बॉबिन दाखवली, फेकून दाखवली. आता तो उठेल, पिशवी भरेल, असंच माझ्या डोळ्यांसमोर होतं.

तो दोरी पडली तिकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माले माहित व्हतं."

एकदा तो एकटाच नदीवर गेला होता, पुंजका कापून टाकला होता आणि सहज दोरी फेकली, ती सरळ गेली होती. मासा लागला त्याच्या बरीच आधीची गोष्ट. घरी येऊन बोलणार होता. तेवढ्यात कारखान्याची पाळी सुरू झाली आणि भिंतीपलीकडे माग लागले.

"माले आवाजनी भीती वाटे, शोभा," तो म्हणाला. "चालू झाया का पोटमा गोळा ये. हात जमना आसता, तं नाना माले तठे बसाडता. त्या आवाजमा. बोटे गयात ते सांगाले लाज नही. भीती वाटस हाई कसं सांगू?"

मी म्हटलं, नानांनी समजून घेतलं असतं. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. नाना त्या आवाजात तीस वर्षं उभे होते आणि त्यांना एका कानाने ऐकू येत नव्हतं.

"मायले सांगू नको," तो म्हणाला. "तिले वाटी, तिनी भरी म्हनीसन मी गऊ." आणि मग बॉबिन हातात घेऊन, काठावर बोट फिरवत, "कशी भरस ना ती," असं म्हणाला.

मी त्याच्यावर फार रागावले होते, आणि तो राग पुढे काही वर्षं पुरला. मायचं करपलेलं तोंड रोज मी पाहत होते, तो नव्हता पाहत. पण रीळ त्याच्यापाशी ठेवून आले आणि खरं काय ते सांगितलं नाही. मायला एवढंच सांगितलं की भाऊ तिकडे गळ टाकतो, मन रमतं त्याचं. तिला ते औषधासारखं लागलं. नानांनी बाजारातून त्याच बनावटीची दुसरी बॉबिन शोधून आणली. तेव्हापासून गावी कुणीही निघालं की माय नवी दोरी भरून द्यायची, काठोकाठ, आणि जुनी बॉबिन रिकामी परत यायची. नाना गेले, माय मशीनवरून घरी बसली, डोळ्यांत मोतीबिंदू आला, तरी बॉबिन ती बोटांनी चाचपून भरायची. भावाने लग्न केलं नाही. सुरतेला तो एकदाच आला, नानांच्या दिवसांना, आणि कानांत कापूस घालून बसला होता. लोकांना वाटलं, सर्दी झाली असेल.

गेल्या वर्षी भाऊ गेला. तापाचं निमित्त झालं, मावशीच्या घरचे म्हणाले, त्रास दिला नाही कुणाला. मी मायला घेऊन गेले. त्याची झोपडी नदीकडे तोंड करून होती. दाराशी गिलक्यांचे आणि दोडक्यांचे वेल चढवलेले, आणि ते सगळे बारीक पांढऱ्या दोरीवर. कुडापासून छपरापर्यंत, छपरापासून बाभळीपर्यंत, गाठीला गाठ मारून. जुनी पिवळी पडलेली दोरी खाली, नवी वर. माय काठी टेकत आत गेली, कोनाड्यात रीळ होतं ते तिने उचललं आणि सवयीने बॉबिनच्या काठावर नख फिरवलं. नख थांबलं. पुन्हा फिरवलं. मग ती बाहेर आली, वेलाची दोरी दोन बोटांत धरली आणि तिच्यावरून हात चालवत छपरापर्यंत गेली.

"काठ मोकळा सोडेल शे त्यानी," ती म्हणाली. "माले कोणी सांगं नही." मग तिने तेव्हाचं विचारलं, "तवय बी हाईच व्हतं का, शोभा?"

"नही माय," मी म्हणाले. "तवय हात व्हता."

हाताचं हे खोटं तिला पटलं की नाही, हे मला आजही माहीत नाही. परत येताना तिने ती बॉबिन मागून घेतली, गाडीत मांडीवर ठेवली, आणि नंदुरबार येईपर्यंत तिचं नख त्या मोकळ्या काठावरून फिरत होतं.